मागचा उजवा

एकाच माणसासाठी मांडलेली खुर्ची म्हणजे सरंजामशाही, असं मी त्यांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच तोंडावर सुनावलं होतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "सरंजामशाहीत स्पीकर किती असायचे?"

ते माझे घरमालक. म्हणजे खरा मालक कोणीतरी अरब होता, आणि यांनी अख्खा फ्लॅट घेऊन त्यातली एक खोली मला दिली होती. शारजाच्या अल नहदात, दुबईच्या हद्दीला खेटून उभ्या असलेल्या एका टॉवरमध्ये. मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरीची सगळी वर्षं मात्र इकडे, शिपिंगच्या एका ऑफिसात. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. घरात चाची होत्या आणि एक मुलगी होती, जी युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देत होती.

मी इचलकरंजीची. बाबांचा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त छापली जात. मला अक्षरओळख झाली तीच 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांनी. उरलेल्या पत्रकांच्या मी होड्या केल्या, विमानं केली, आणि मोठी झाल्यावर दुबईतल्या जाहिरात कंपनीत समुद्राकाठचे फ्लॅट विकणारी माहितीपत्रकं लिहायला लागले. ज्या गोष्टींविरुद्ध बाबांनी आयुष्यभर छापलं, त्यांच्या बाजूने छापायचं. या कामाची मला रोज चीड येई आणि संध्याकाळी ती कुठेतरी उतरवावी लागे. चाचांच्या हॉलमध्ये त्यासाठी भरपूर जागा होती.

जागा होती, कारण हॉलमध्ये काही नव्हतंच. समोर टीव्ही. पाच कोपऱ्यांत, म्हणजे जिथे कोपरे नव्हते तिथेही, उंच स्टँडवर पाच स्पीकर. जमिनीवर रांजणाएवढा एक काळा ठोकळा, ज्यातून फक्त घुमणारा आवाज निघे. आणि बरोबर मध्यभागी एक खुर्ची. सोफा बेडरूममध्ये हद्दपार झालेला. पाहुणे आले तर त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं जाई. हॉलच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या. खुर्चीचे पाय त्या खुणांवरून इंचभर हलले, तर चाचा सफाईवाल्या बाईंवर नाही, पृथ्वीवर संशय घेत.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. चाचा शाळेत होते तेव्हा इंग्लंडात काही लांब केसांचे लोक लांबलचक गाणी करत. एक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाई. त्यात मध्येच ऑर्गन, मध्येच बासरी, मध्येच कोणीतरी दार उघडून जिना उतरतोय असे आवाज. शब्दही असत, पण त्यांचा अर्थ लावायच्या भानगडीत कोणी पडत नसे. चाचांचे मामू जहाजावर होते, ते बंदराबंदरांतून या लोकांच्या कॅसेट आणत, आणि रत्नागिरीत बाकीची पोरं हिंदी गाणी ऐकत असताना चाचांना हा आजार लागला. आता त्या जुन्या टेप कंपन्यांनी गोदामांतून बाहेर काढल्यात आणि त्यांतले आवाज सुटे करून नव्याने मांडलेत: गिटार समोरून, ऑर्गन मागून, जिना उतरणारा माणूस उजवीकडून येऊन डावीकडे जातो. मध्ये बसणाऱ्याला वाटतं, आपण बँडच्या पोटात आहोत. असे नव्याने निघालेले जुने अल्बम चाचा गोळा करत.

खरं तर हवी असायची एक डिस्क. पण ती सुटी मिळत नसे. ती यायची ती खोक्यात, आणि खोक्यात आणखी सात डिस्क, जाडजूड पुस्तक, जुन्या तिकिटाची नक्कल, चहाचे कप ठेवायच्या चकत्या. मी भडकून म्हटलं, ही भांडवलाची उघड लूट आहे, ग्राहकाला ओलीस धरणं आहे. चाचा म्हणाले, अगदी बरोबर आहे कॉम्रेड, डाळ घ्यायला गेलं तर म्हणतात गोदाम घे. आणि लगेच त्यांनी पुढच्या गोदामाची ऑर्डर दिली. ते मला कॉम्रेड म्हणत. घरात माझं सगळं पटवून घेणारे ते एकटेच होते. पटल्यानंतर ते काहीच करत नसत, हा भाग वेगळा.

एकच अल्बम त्यांच्याकडे कॅसेटवर होता, मोठ्या रेकॉर्डवर होता, सीडीवर होता, आणि मग चार स्पीकरचा, पाच स्पीकरचा, आणि छतातूनही आवाज येतो तो. छतात स्पीकर बसवायला इमारतीच्या मॅनेजरने नकार दिला, तेव्हापासून चाचा लिफ्टमध्ये त्याला सलाम करत नसत. मुलगी म्हणे, "अब्बा, इट्स लिटरली द सेम साँग." यावर चाचा माझ्याकडे बघून म्हणत, "नमाजही रोज तीच असते. हिला सांग."

डिस्क लागली की हॉलचा दरवाजा बंद. आत फक्त ते. कारण त्यांच्या मते माणूस म्हणजे चालतीबोलती गादी; खोलीत शिरला की आवाज पितो. जाड माणूस जास्त पितो, पण बारीक माणूस हलतो, म्हणून तोही नको. मी एकदा दारात उभी राहून विचारलं, मग निदान दारातून ऐकू का. ते म्हणाले, दारातून जे ऐकू येतं त्याला आवाज म्हणत नाहीत, अफवा म्हणतात.

एवढं सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी दुबईच्या देरा भागातल्या खोलीबद्दल सांगितलं. नवीन आले तेव्हा एका खोलीत मजल्यावर मजला रचल्यासारख्या खाटा होत्या आणि प्रत्येकीवर एक माणूस. "पहिलं सराउंड साउंड मी तिथेच ऐकलं," चाचा म्हणाले. "चारही बाजूंनी घोरणं. मागून एक केरळी, डावीकडून एक पेशावरी. तेव्हाच ठरवलं, एक दिवस मधोमध बसेन आणि चारही बाजूंनी काहीतरी बरं ऐकेन."

त्या खोलीत त्यांच्या खालच्या खाटेवर त्यांचा दोस्त होता. गावचाच, वर्गातला, मामूंच्या कॅसेटींचा दुसरा वारसदार. तो पुढे अल ऐनला गेला, तिथल्या एका हॉस्पिटलची वातानुकूलन यंत्रणा सांभाळू लागला. दोघंही तेच अल्बम मागवत, एकाच आठवड्यात ऐकत आणि मग फोनवर तासन् तास बोलत. ईदला दोस्त गाडी घेऊन येई, शीरखुर्मा खाई, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भांडत बसे. हे सगळं मला चाचींकडून कळलं, कारण मी राहायला आले तेव्हा ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण मागच्या उजव्या स्पीकरवरून झालं होतं.

दोघांच्या सगळ्यात लाडक्या अल्बमची नवी आवृत्ती आली. चाचांनी ऐकली आणि जाहीर केलं की मागचा उजवा मेलेला आहे. त्या बाजूने एक घंटा वाजायला हवी आणि एक बाई गायला हवी. दोघीही कुठेतरी विहिरीत पडल्यासारख्या. ज्या इंजिनियरने हे मिक्स, म्हणजे आवाजांचं मिश्रण, केलं त्याने पाप केलंय. दोस्त म्हणाला, माझ्याकडे घंटा खणखणीत येते, तुझी वायर बघ. चाचांनी वायर बदलली, स्पीकर बदलला, मागचा उजवा आणि मागचा डावा यांची अदलाबदल करून पाहिली. काही फरक नाही. म्हणजे पाप डिस्कमध्येच. दोस्त म्हणाला, नाहीये. तेव्हा चाची आणि मुलगी ऐकत असताना, आणि पलीकडे दोस्ताची बायको ऐकत असताना, चाचा त्याला म्हणाले की तू बहिरा झालायस, हॉस्पिटलातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, आता तू पंख्याचं संगीत ऐक.

दोस्ताने फोन ठेवला. ईदला आला नाही. पुढच्या ईदलाही आला नाही. चाचा रोज ऑफिसातून आले की आधी फोन बघत आणि मग कोणी काही विचारलेलं नसताना म्हणत, "येऊ दे नाही तर न येऊ दे. घंटा मेलेलीच आहे." चाची एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाल्या, "या माणसाला दुनियेत एकच दोस्त आहे गं, आणि तो एका घंटेवरून घालवला."

माझ्या मते यावर उपाय एकच होता, आणि तो म्हणजे पत्रक. दोष डिस्कचा आहे हे जगाने मान्य केलं की दोस्तालाही मान्य करावं लागेल. शिवाय प्रश्न तत्त्वाचा होता. पाच आवाजांपैकी एकाचा आवाज दाबला गेलाय, आणि दाबणारी कंपनी आहे. उजव्याची बाजू घ्यायची वेळ आयुष्यात माझ्यावर पहिल्यांदाच आली होती, पण अन्याय तो अन्याय. मी रात्रीत... नाही, जेवायच्या आत लिहून काढलं: "जगभरच्या श्रोत्यांनो! चार स्पीकर बोलत आहेत आणि पाचवा गप्प आहे. तो गप्प आहे, की त्याला गप्प केलं गेलं आहे?" पुढे मागण्या होत्या. शेवटची मागणी सर्व डिस्क बिनशर्त परत घेण्याची होती. चाचांनी ते उभं राहून वाचलं. म्हणाले, "माझ्या निकाहनाम्यात पण एवढा जोर नव्हता."

इथे भिंतीवर काही चिकटवायची सोय नाही, आणि अल नहदाच्या भिंतींना मागच्या उजव्याचं काही पडलेलंही नव्हतं. म्हणून पत्रक इंटरनेटवर, या अल्बमांच्या संग्राहकांच्या मंडळावर गेलं. त्याचं इंग्रजी भाषांतर मुलीने केलं. करताना तिने माझी सगळी विशेषणं गाळली आणि म्हणाली, "यू आर बोथ इन्सेन, बट ओके."

उत्तरं आली. सगळ्यांच्या घंटा वाजत होत्या. एका गृहस्थाने आलेख काढून पाठवला. दुसऱ्याने अत्यंत नम्रपणे विचारलं की तुमच्या खोलीत उजवीकडे एखादा मोठा प्राणी वगैरे झोपतो का. फक्त ब्राझीलचा एक जण म्हणाला की माझाही मागचा उजवा मेलेला आहे. चाचांना अश्रू आवरेनात. आम्ही त्याला संयुक्त आघाडीचं निमंत्रण पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कळवलं की मांजरीने वायर कुरतडली होती, आता सगळं ठीक आहे, पाठिंबा मागे घेत आहे. आघाडी फुटली.

चाचांनी एकट्याने लढायचं ठरवलं. रिमोट घेऊन ते मागच्या उजव्याचा आवाज वाढवत गेले. थोडा, मग आणखी थोडा. ते आत बंद दाराआड, आणि आम्ही बाहेर अफवा ऐकणारे. आम्हाला काय कळणार.

कळलं ते शेजाऱ्याला. मागच्या उजव्या कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे एक इजिप्शियन हिशेबनीस राहत. अत्यंत सभ्य माणूस. एका संध्याकाळी दारात येऊन, छातीवर हात ठेवून ते म्हणाले की हबीबी, मला तुमच्याकडून घंटा ऐकू येते. मग एक बाई येते. गाणं मात्र येत नाही. कृपा करून एक तर सगळं पाठवा, नाही तर घंटाही घरीच ठेवा.

यावरून कुठल्याही माणसाने जो अर्थ काढला असता, तो चाचांनी काढला नाही. ते आनंदाने आत आले आणि म्हणाले, चोर सापडला. घंटा भिंतीतून पळून शेजारी जाते, म्हणून इकडे पोचत नाही. त्यांनी चाचींची लग्नातली रजई त्या भिंतीवर ठोकली. शेजाऱ्याची तक्रार थांबली. चाचांना घंटा तरीही ऐकू आली नाही, तेव्हा ते म्हणाले की आता ती रजईत अडकते.

मग रमजान ईद आली, आणि चाचींनी कोणाला न विचारता अल ऐनला फोन केला. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की शीरखुर्मा जास्त करायचाय, बदाम सोलायला बस.

दुपारी बेल वाजली. चाचा नव्या शेरवानीत दार उघडायला गेले, आणि समोर दोस्त. उंच, गोरे, गुडघे दुखतात म्हणून थोडे वाकलेले. दोघांनी गळाभेट घेतली, कारण ईदला घ्यावीच लागते. पण दोन सुटकेस एकमेकींना टेकवाव्यात तशी. मग दोस्त सरळ हॉलमध्ये शिरले आणि खुर्चीत बसले.

त्या खुर्चीत.

मी बदामाचं ताट हातात घेऊन तशीच उभी. मुलगी कुजबुजली, "ओह माय गॉड." ईदच्या दिवशी पाहुणा एकदा टेकला की त्याला उठवता येत नाही. चाचांचे वालिदही आले असते तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. चाचींनी हे सगळं आधीच योजलेलं असावं, कारण बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल पुसून त्यांच्या हातात तयार होतं. ते त्यांनी खुर्चीसमोर ठेवलं. पाहुण्याकडे पाठ करून बसणं बरं दिसत नाही, म्हणून चाचा टीव्हीकडे पाठ करून, दोस्ताकडे तोंड करून बसले. वाट्या आल्या. दोघांनी खाल्लं.

"लाव," दोस्त शेवटी म्हणाले.

"काय?"

"तीच. दाखव मला मी किती बहिरा आहे ते."

चाचांनी रिमोट दाबला. आम्हाला कोणी बाहेर जा म्हटलं नाही, म्हणून आम्ही भिंतीला टेकून आवाज पीत उभ्या राहिलो. आधी समोरून बासरी आली, हळूच. मग डावीकडून गिटार. आणि मग मागून उजवीकडून अशी एक घंटा वाजली, की दोस्तांनी वाटी सोडून उजव्या कानावर हात दाबला आणि रजई भिंतीवरून खाली आली.

चाचा ताडकन उभे राहिले. "आली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आली! अरे, तू आलास आणि ती आली." खात्री करायला ते नेहमीसारखे टीव्हीकडे वळून स्टूलवर बसले. घंटा पुन्हा वाजली. चाचांचा चेहरा पडला. "गेली." ते पुन्हा आमच्याकडे फिरले. "आली." पुन्हा टीव्हीकडे. "गेली." शेरवानी सावरत ते त्या स्टुलावर घाण्याच्या बैलासारखे फिरत होते, आली, गेली, आली, गेली, आणि घंटा होती तिथेच, कानठळ्या बसवत होती.

आम्हाला सगळ्यांना एकदमच उमगलं. सत्य दडपू नये, ते चारचौघांत मोठ्याने सांगावं, हे मला बाबांनी शिकवलंय, आणि मी त्यासाठी तोंड उघडलंही. चाचींनी त्यात चमचाभर शीरखुर्मा घातला. "आधी खा," त्या म्हणाल्या.

चाचा फिरायचे थांबले. त्यांनी डाव्या कानात बोट घातलं आणि ऐकलं. मग ते काढून उजव्या कानात घातलं आणि ऐकलं. मग पुन्हा डाव्या. दोस्तांनी त्यांच्या हातातला रिमोट घेऊन गाणं थांबवलं.

"खलास," चाचा म्हणाले. बल्ब गेला की म्हणतात तसे. "हा उजवा गेलाय."

"कधीपासून?"

"तूच सांग. आपलं भांडण कधी झालं?"

कोणीच हसलं नाही. पुढे चाची त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, आणि तिथे ते तपासून घेण्याऐवजी वेटिंग रूममधला स्पीकर चुकीच्या उंचीवर बसवलाय म्हणून रिसेप्शनशी वाद घालत बसले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. पण ते नंतर. त्या दुपारी ते स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आणि खोकी, चकत्या, आलेख, पत्रक, सगळं मिळून एका कानाचं ओझं त्यांच्या खांद्यावर दिसत होतं.

"मी तुला बहिरा म्हणालो," ते म्हणाले.

"सगळ्यांसमोर."

"मग आता तूही म्हण. सगळे आहेत."

दोस्तांनी आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे, मुलीकडे, चाचींकडे. एवढ्या ईदींचं उट्टं त्यांच्या हातात होतं. मी त्यांच्या जागी असते, तर छापून वाटलं असतं.

"आज ईद आहे," ते म्हणाले. "बकरीदला म्हणेन."

चाचांनी नाक शिंकरलं. दोस्त गुडघ्यांवर जोर देऊन उठू लागले, तर चाचांनी त्यांचा खांदा दाबून परत बसवलं. म्हणाले, तिथे दोन कान लागतात, तूच बस. मग स्टूल उचलून त्यांनी दोस्ताच्या उजव्या बाजूला ठेवलं, अगदी खेटून, डावा कान दोस्ताच्या तोंडाशी येईल असं. मागच्या उजव्याचा आवाज खाली आणला गेला, दोस्त म्हणतील तितका. गाणं पहिल्यापासून लागलं.

"उजवीकडून येईल ते सांगत जा," चाचा म्हणाले.

"बोललो तर तू म्हणशील, आवाज पितो."

"पी. यल्ला, चल."

बासरी गेली, गिटार गेली. दोस्त मान वाकवून त्या कानात सांगू लागले. घंटा. जवळच, तुझ्या खांद्याच्या मागे. दुसरी, जरा लांब. आता काही नाही, थांब. जिना उतरतोय कोणीतरी, पण तो डावीकडे गेला, तो तुला येईल. चाचा डोळे मिटून मान हलवत होते. चाची दाराला टेकून उभ्या होत्या.

"आता?"

"आता बाई आली."

"गातेय?"

"गातेय."

"काय म्हणतेय?"

दोस्तांनी बराच वेळ लक्ष देऊन ऐकलं. बाई पुष्कळ काही म्हणत होती.

"शब्द सगळे कळले," ते म्हणाले. "अर्थ काही लागला नाही."

चाचांनी डोळे उघडले नाहीत. "मग मिक्स बरोबर आहे," ते म्हणाले.